जर्मनीतला आरोग्य विमा: पब्लिक, प्रायव्हेट आणि त्यात न बसणारे आई-बाबा

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी जर्मनीत उतरलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन अनुभव हमखास येतात. घर मिळत नाही, आणि विमा एजंटचा फोन येतो. घराचं पुढेमागे जमतं. एजंटला घाईत दिलेला होकार मात्र तीस-तीस वर्षं निस्तरावा लागू शकतो. त्यामुळे स्वस्त विमा कोणता, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू.

इथे विमा हा ऐच्छिक मामला नाही. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला आणि आजची व्यवस्था त्याच मुळावर वाढलेली आहे. २००९पासून तर देशात राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा असणं बंधनकारक आहे. विमा नसेल तर विद्यापीठ प्रवेश पक्का करत नाही आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय व्हिसा वाढवून देत नाही. काही महिने विम्याविना काढले, तर ते उघडकीला आल्यावर मागच्या महिन्यांचे हप्तेही भरावे लागतात.

आपल्या डोक्यात विमा म्हणजे मेडिक्लेम असतो: पाच लाखांचं कव्हर, कॅशलेस हॉस्पिटल, चोवीस तास अ‍ॅडमिट असण्याची अट. सर्दी-खोकल्याचे, चष्म्याचे, दाताचे पैसे खिशातून. जर्मनीतला पब्लिक विमा या चौकटीतून बघितला तर कळतच नाही. इथे ‘सम इन्शुअर्ड’ नावाची गोष्टच नाही. फॅमिली डॉक्टरकडे जा, रक्त तपासा, एमआरआय काढा, बाळंतपण होऊ दे किंवा कॅन्सरचे उपचार चालू दे, कार्ड दाखवायचं आणि उपचार घ्यायचे. आधीपासूनचे आजार चालतात, वेटिंग पीरियड नाही, तुम्हाला मधुमेह आहे का असं कोणी विचारतही नाही.

हे परवडतं कसं, तर आपल्याकडच्या मंडळाच्या गणपतीसारखं: वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, प्रसाद सगळ्यांना सारखा. हप्ता तुमच्या पगारावर ठरतो, वयावर किंवा तब्येतीवर नाही. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, अर्धा तुमचा आणि अर्धा कंपनीचा. त्यावर प्रत्येक क्रांकनकासे, म्हणजे विमा संस्था, आपापला जादा दर लावते. २०२६साठी त्याची सरासरी २.९ टक्के धरली आहे आणि तोही निम्मा-निम्मा वाटला जातो. शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेचा वेगळा विमा ३.६ टक्के, तोही निम्मा-निम्मा. मूलबाळ नसलेल्यांना तेविशीनंतर यात ०.६ टक्का जास्त, आणि तो पूर्ण स्वतःच्या खिशातून. निपुत्रिकाला दंड, असं आमच्या ग्रुपमध्ये याला गमतीनं म्हणतात.

हे आकडे पगाराच्या स्लिपवर कसे दिसतात ते एकदा पाहून घ्या, कारण पहिली स्लिप हातात पडली की सगळ्यांचाच चेहरा पडतो. समजा वर्षाला ८४,००० युरो, म्हणजे महिन्याला ७,००० युरो पगार आहे. आरोग्य विम्याची वर्गणी मात्र सगळ्या ७,०००वर लागत नाही. २०२६मध्ये ती ५,८१२.५० युरोपर्यंतच मोजतात, त्यावरचा पगार मोकळा. या रकमेचे ७.३ टक्के अधिक जादा दराचा निम्मा हिस्सा १.४५ टक्के, असे ८.७५ टक्के, म्हणजे ५०८ युरो आणि वर काही सेंट. शुश्रूषा विमा, मूल नसेल तर, १३९.५० युरो. एकूण ६४८ युरोंच्या आसपास तुमच्या पगारातून गेले. महिन्याला १५,००० मिळवणाराही एवढेच भरतो. ४,००० मिळवणारा भरतो साधारण ४४६. तिघांनाही मिळणारे उपचार तेच.

या ६४८ युरोंत आणखी कोण येतं, हे पाहिल्याशिवाय आकडा मोठा की छोटा ते सांगता येत नाही. नवरा किंवा बायको कमावत नसेल (२०२६मध्ये महिना ५६५ युरोंपर्यंतचं उत्पन्न चालतं, मिनीजॉबसाठी, म्हणजे छोट्या अर्धवेळ कामासाठी, मर्यादा थोडी वेगळी), तर ती व्यक्ती आणि मुलं याच वर्गणीत फुकट. मुलं एक असो वा चार. शिकत असतील तर पंचविशीपर्यंत. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आणि अजून भाषेचे वर्ग करत असलेल्या कितीतरी बायकांचं पूर्ण वैद्यकीय संरक्षण या एका तरतुदीवर उभं आहे.

टीके, एओके, बार्मर, डीएके अशा नव्वदेक संस्थांतून कुठली निवडायची यावर लोक तासन् तास खल करतात. माझ्या मते हा वेळ वाया जातो. देय उपचार कायद्यानं ठरलेले आहेत, ते सगळीकडे जवळपास सारखेच. फरक असतो तो जादा दरात, अ‍ॅपमध्ये आणि फोनवर इंग्रजीत बोलणारं कोणी आहे का यात. चुकली निवड तरी बारा महिन्यांनी बदलता येते, आणि जुनीचा राजीनामा नवी संस्थाच देऊन टाकते.

खरा खल करायचा तो प्रायव्हेटबद्दल.

२०२६मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंपेक्षा जास्त पगार असेल, तर पब्लिक सोडून प्रायव्हेट विमा घेण्याची मुभा आहे. आयटीतले, इंजिनिअरिंगमधले बरेच मराठी लोक या रेषेच्या आसपास असतात, आणि एजंट लोकांचं लक्ष नेमकं याच रेषेवर असतं. प्रायव्हेटचा हप्ता पगारावर ठरत नाही. तो ठरतो विमा घेतानाचं तुमचं वय, तब्येत आणि निवडलेल्या सोयी यांवर. अठ्ठावीस वर्षांच्या, एकट्या, ठणठणीत माणसाला तो पब्लिकपेक्षा बराच कमी पडू शकतो, आणि कंपनी त्यातला साधारण निम्मा वाटा देते. सोयीही चांगल्या: स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट लवकर, हॉस्पिटलात एक किंवा दोन खाटांची खोली, मुख्य डॉक्टरकडून उपचार, दातांच्या कामाला मोठा परतावा. डॉक्टरचं बिल आधी तुमच्या नावे येतं, ते तुम्ही विमा कंपनीला पाठवता, ती पैसे देते. हे सगळं खरं आहे. एजंट इथपर्यंत खोटं बोलत नाही.

तो थांबतो ते इथून पुढे. प्रायव्हेटमध्ये माणशी हप्ता. लग्न झालं, जोडीदार आला आणि त्याला नोकरी नाही, तर त्याचा वेगळा हप्ता. मूल झालं की त्याचाही. एकजण पब्लिकमध्ये आणि दुसरा प्रायव्हेटमध्ये असेल, तर मुलं पब्लिकमध्ये फुकट बसतील असं गृहीत धरू नका: प्रायव्हेटवाला पालक त्या ७७,४००च्या रेषेवर असेल आणि जोडीदारापेक्षा जास्त कमावत असेल, तर विवाहित जोडप्याच्या मुलांना ती फुकट सोय मिळत नाही. पालकत्वाची रजा घेतली की पगार थांबतो आणि त्यासोबत कंपनीचा वाटाही. हप्ता चालूच राहतो, तो पूर्ण तुमच्या खिशातून. दर काही वर्षांनी हप्ता वाढतो. म्हातारपणासाठी कंपनीनं हप्त्यातूनच राखीव निधी बाजूला काढलेला असतो, त्यानं वाढीची धार कमी होते, पण निवृत्तीनंतर पेन्शन घटतं आणि हप्ता पेन्शनबरोबर घटत नाही.

आणि परतीची वाट अरुंद आहे. पगार रेषेखाली आला किंवा नोकरी गेली, तर पब्लिकमध्ये परत येता येतं. पण पंचावन्न वर्षांनंतर हे दार जवळपास बंद होतं. तरुणपणी स्वस्त प्रायव्हेट आणि उतारवयात स्वस्त पब्लिक, असा हिशेब कोणी करू नये म्हणूनच ती अट घातली आहे.

घ्यायचाच असेल तर आरोग्याच्या प्रश्नावलीत काहीही लपवू नका. थायरॉइड, पाठदुखीची फिजिओथेरपी, समुपदेशन, पीसीओडी, सगळं लिहा. भारतातल्या आजाराची नोंद इथे कोणाला सापडणार, असं म्हणणारे सल्लागार भेटतात. पण मोठं बिल आलं की कंपनी जुनी कागदपत्रं मागते आणि लपवल्याचं दिसलं तर करारच मोडू शकते. त्याऐवजी मध्यस्थाकरवी नाव न देता आधी चौकशी करून घेता येते: अशा तब्येतीच्या माणसाला घ्याल का, जादा किती लावाल? नाव न देता आलेला नकार नोंदीत राहत नाही.

आता नव्यानं येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची तारीख. पहिल्याच जर्मन नोकरीचा पगार रेषेच्या वर असेल, तर स्वेच्छेनं पब्लिकमध्ये शिरायला नोकरी सुरू झाल्यापासून फक्त तीन महिने मिळतात. हे तीन महिने ‘बघू नंतर’ म्हणत घालवले की पब्लिकचं दार लागतं आणि ते उघडायला पगार रेषेखाली यावा लागतो. माझं मत विचाराल तर कुटुंब असलेल्यांनी, किंवा दोन-चार वर्षांत कुटुंब होईल अशांनी, पहिल्याच आठवड्यात पब्लिकचा अर्ज भरून टाकावा. एकट्यानं चार-पाच वर्षांसाठी येऊन परत जायचं नक्की असेल, तर प्रायव्हेटचा विचार जरूर करावा. फक्त ‘नक्की परत जाणार’ म्हणत आलेल्या किती जणांची मुलं आज इथे दहावीत आहेत, हेही आजूबाजूला पाहून घ्यावं.

एक तिसरा प्रकारही विकला जातो: ‘एक्स्पॅट’ किंवा ‘इनकमिंग’ पॉलिसी. महिन्याला शंभर-दीडशे युरोंत, ऑनलाइन, दहा मिनिटांत. नोकरी सुरू होण्याआधीचे काही दिवस किंवा भाषेचा कोर्स यांसाठी ती ठीक आहे. पण तिला मुदत असते, आधीचे आजार बाहेर ठेवलेले असतात, बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो. कायद्याला अपेक्षित असलेल्या पूर्ण विम्यात ती सहसा मोडत नाही, त्यामुळे व्हिसा वाढवताना अधिकारी तो कागद परत करू शकतो. पहिल्या व्हिसाला चालला म्हणून दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात: तिशीच्या आत पब्लिकमध्ये विद्यार्थी दर मिळतो, २०२६मध्ये शुश्रूषा विम्यासकट महिना सुमारे दीडशे युरो. त्यापेक्षा स्वस्त काहीतरी दाखवून पब्लिकमधून सूट घ्यायला कोणी सुचवलं, तर सही करण्याआधी थांबा. ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

कार्ड हातात आलं, पुढे काय

पहिलं काम म्हणजे घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधून नाव नोंदवणं. आजारी पडल्यावर शोधायला गेलात तर ‘नवे पेशंट घेत नाही’ ही पाटी वाचून परत याल. स्पेशालिस्टकडे जायला चिठ्ठी बहुतेकदा त्याच्याकडूनच मिळते. पब्लिकवाल्यांना त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख महिन्यांनी मिळते, ही तक्रार खरी आहे. आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता एमडी डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसायची सवय, ती इथे मोडावी लागते. रात्री किंवा रविवारी त्रास झाला आणि जीवावर बेतलेलं नसेल, तर ११६११७ हा फोन. जीवावर बेतलं असेल तर ११२.

औषधाची चिठ्ठी २०२४पासून कागदावर नसते. डॉक्टर ती सिस्टीममध्ये टाकतो, तुम्ही औषधाच्या दुकानात विम्याचं कार्ड यंत्रात घालता आणि औषध समोर येतं. त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा, कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो, तुम्ही द्यायचा. हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालात तर दिवसाला दहा युरो, वर्षाला जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन चार दिवस राहून आलेल्या माणसाला महिन्याभरानं टपालानं चाळीस युरोंचं बिल येतं. नवा माणूस लिफाफा उलटसुलट करून बघतो, बाकीची पानं राहिली की काय म्हणून. सगळ्या स्वहिश्श्यांची बेरीज कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर गेली, की पुढचं माफ होतं. दीर्घ आजार असलेल्यांना एकच टक्का. मात्र ते आपोआप होत नाही. पावत्या जपून अर्ज करावा लागतो.

जे मिळत नाही तेही माहीत हवं. मोठ्यांचा साधा चष्मा नाही. दातांच्या कॅपला, ब्रिजला ठरावीक अनुदान मिळतं, उरलेलं तुमचं. दरवर्षी दात तपासून वहीत शिक्का मारून घेतला तर अनुदान वाढतं. दातांचा वेगळा पूरक विमा याचसाठी लोक काढतात.

आजारपणाची रजा ही मात्र थक्क करणारी गोष्ट आहे. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर पब्लिक विमा एकूण पगाराच्या ७० टक्के (हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत) देतो, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. प्रायव्हेटमध्ये हा भत्ता वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि स्वस्त दाखवलेल्या कोटेशनमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

बाळंतपणात हेबामे, म्हणजे सुईण, घरी येते आणि तिचे पैसे विमा देतो. ती बाळाचं वजन करते, टाके बघते, दूध पाजण्यातल्या अडचणी सोडवते. पुण्याहून आलेली आजी एका बाजूला तेल कोमट करत असते आणि हेबामे सांगत असते की बाळाला रोज अंघोळ कशाला, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. दोघींच्या मधे बाळंतीण दुभाषी. डिंकाच्या लाडवांवर मात्र दोघींचं एकमत झाल्याचं मी पाहिलं आहे. हेबामे फार कमी आहेत, म्हणून प्रेग्नन्सी कळल्याबरोबर शोधायला लागा.

सुट्टीत भारतात जाताना

पब्लिकचं कार्ड युरोपीय संघात, स्वित्झर्लंडमध्ये आणि करार असलेल्या काही देशांत चालतं. भारतात चालत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, मे २०१७पासून लागूही आहे, पण त्याचा संबंध पेन्शनशी. भारतातला दवाखाना त्यात येत नाही. म्हणजे दिवाळीत कोल्हापूरला गेलात आणि डेंग्यूनं अ‍ॅडमिट झालात, तर क्रांकनकासे एक पैसा देणार नाही. त्यासाठी वार्षिक परदेश प्रवास विमा मिळतो, एकट्या तरुण माणसाला वर्षाला वीस-तीस युरोंच्या आसपास. त्यातल्या दोन ओळी मात्र वाचूनच घ्या: एका प्रवासाला किती दिवस संरक्षण आहे (सहा किंवा आठ आठवडे असं काहीतरी असतं), आणि तुम्ही ज्या देशाचे नागरिक आहात तिथल्या प्रवासाला तो लागू आहे का. काही पॉलिसींत ‘परदेश’ या व्याख्येतून मायदेश वगळलेला असतो.

भारतातला जुना मेडिक्लेमही घाईनं बंद करू नका. त्यानं जर्मनीतला खर्च मिळत नाही, पण आधीच्या आजारांसाठीचा जो प्रतीक्षाकाळ तुम्ही काढला आहे, तो पॉलिसी चालू असेपर्यंत हिशेबात राहतो. आयआरडीएआयच्या, म्हणजे भारतातल्या विमा नियामकाच्या, २०२४च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पंचेचाळिशीत परत गेल्यावर तो पुन्हा शून्यापासून मोजायचा, की आत्तापासून हप्ता भरत राहायचं, याचं गणित प्रत्येकानं आपापलं मांडावं.

आई-बाबा

इथल्या विम्याचं कुटुंब नवरा-बायको आणि मुलं इथे संपतं. आई-बाबांना पब्लिकमध्ये जोडता येत नाही, तुम्ही कितीही वर्गणी भरली तरी. सहा महिन्यांच्या नातवंडाला फुकट, सत्तर वर्षांच्या आजीला बंद.

ते तीन महिन्यांसाठी येतात तेव्हा शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तो कागद व्हिसासाठी पुरेसा असतो, आजारपणासाठी असेलच असं नाही. त्याचा हेतू अचानक उद्भवलेला त्रास एवढाच. बीपी, शुगर, आधी झालेली अँजिओप्लास्टी हे ‘आधीपासूनचे आजार’ झाले, आणि त्यांच्यामुळे झालेला खर्च एकतर वगळलेला असतो किंवा जीवावर बेतलं तरच, ठरावीक रकमेपर्यंत, मिळतो. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याआधी हे कलम वाचा, आणि ३०,०००वर न थांबता मोठी रक्कम घ्या. हार्टचं काम निघालं तर ती रक्कम फार लवकर संपते.

औषधं पूर्ण मुक्कामाची बांधून आणा. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही, आणि ब्रँडची नावंही वेगळी. स्वतःच्या वापरापुरती तीन महिन्यांची औषधं बरोबर आणायला परवानगी आहे; सोबत औषधांची मूळ रासायनिक नावं लिहिलेलं डॉक्टरचं पत्र ठेवा. इथे डॉक्टरकडे जावंच लागलं तर ते पत्र पहिलं कामाला येतं.

आई-बाबांना कायमचं आणायचं असेल तर? १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर कुशल कर्मचारी म्हणून पहिला परवाना मिळालेल्यांसाठी कायद्यानं तशी वाट उघडली आहे. अडतं ते विम्यापाशी. उदरनिर्वाहाची आणि आरोग्य विम्याची पूर्ण सोय दाखवावी लागते. पंचावन्नच्या वरच्या नव्या माणसाला पब्लिक घेत नाही. प्रायव्हेट कंपन्यांना एक मूळ दराची पॉलिसी द्यावी लागते, तिचा हप्ता २०२६मध्ये माणशी महिना १,०१७ युरोंपर्यंत जाऊ शकतो. दोघांचे दोन हजारांहून जास्त, शिवाय शुश्रूषा विमा. त्यामुळे बहुतेक घरांत अजूनही तीन महिन्यांच्या फेऱ्याच चालतात, आणि भारतात त्यांच्यासाठी चांगला मेडिक्लेम हाच खरा आधार. २०२४पासून तिथे नवा विमा घ्यायला पासष्टची अट राहिलेली नाही, आणि सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही लागत नाही.

शेवटी, कधी सामान आवरून भारतात परत निघालात, तर नगरपालिकेत नाव कमी करून मिळालेला कागद क्रांकनकासेला पाठवल्याशिवाय विमानात बसू नका. नोकरी संपली म्हणून पब्लिकचं सभासदत्व संपत नाही, ते स्वेच्छा सभासदत्व म्हणून आपोआप पुढे चालू राहतं. उत्पन्नाचा पुरावा मिळाला नाही की संस्था सर्वात वरच्या दरानं हप्ता लावते, आणि पत्रं जात राहतात तुमच्या जुन्या पत्त्यावर.